घाट चढलेली रोल्स-रॉइस

1908 साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची कसोटी झाली. चढणीवर यंत्र तापून गाडी बंद पडावी, हे त्या काळी नित्याचेच. 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही रोल्स-रॉइस मात्र सहा घाट ओलांडून सुमारे 620 मैल धावली. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली.

तिचे खरे बळ बेअरिंगपर्यंत दाबाने पोचणाऱ्या तेलात होते. तेल खुंटले की बेअरिंगचा मऊ धातू वितळतो, कनेक्टिंग रॉड मोडतो आणि इंजिनाचे कवच फोडून बाहेर येतो. मग गाडी राजाची काय नि रंकाची काय!

संस्थाने विलीन झाली, काही गाड्या उरल्या. त्यांचा पत्रा पुसणारे पुष्कळ भेटतात. तेल पाहणारा जाणता मिस्त्री मात्र जपायला हवा.