स्कुकुझा : एका नांवाचा इतिहास

दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानांत स्कुकुझा या मुख्य तळावरून प्रवासी पहांटे निघतो. वाटाड्या त्यास उघड्या गाडींतून हत्ती, जिराफ, आणि दैव असल्यास सिंहहि दाखवितो. परंतु तळाच्या नांवाचा अर्थ विचारणारे थोडेच.

१८९८ सालीं अध्यक्ष पॉल क्रूगर यांनीं साबी व क्रोकोडाइल या नद्यांमधील मुलखांत शिकार बंद केली. १९०२ सालीं जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन तेथें रक्षणाधिकारी झाले. त्यांनीं चोरट्या शिकारीस आळा घातला, तशीच तेथील वस्तीहि हलविली. म्हणून त्सोंगा लोकांनीं त्यांस ‘स्कुकुझा’, म्हणजे ‘झाडून साफ करणारा’, असें नांव ठेविलें. १९२६ सालीं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें; दुसऱ्याच वर्षीं प्रवाशांच्या पहिल्या तीन मोटारी आंत आल्या. पुढें १९३६ सालीं तळासहि तेंच नांव गौरवार्थ देण्यांत आलें!

श्वापदें वांचलीं हें निःसंशय. पण त्याची किंमत ज्यांच्या चुली विझल्या त्यांनीं दिली. उत्तरेस लिंपोपो व लुवुव्हू या नद्यांमध्यें राहणाऱ्या माकुलेके लोकांनाहि १९६९ सालीं घरेंदारें सोडावीं लागलीं. १९९८ सालीं ती भूमि त्यांस परत मिळाली. त्यांनीं तीवर नांगर धरला नाहीं; ती वन्य प्राण्यांसाठींच राखून प्रवाशांकडून उत्पन्न मिळविण्याचा मार्ग पत्करला.

ज्यांस घालवून अरण्य राखलें, त्यांनींच पुढें तें स्वेच्छेनें राखलें. मग रक्षणासाठीं त्यांस घालविणें खरोखरच अवश्य होतें काय, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.