मैलाचें मूळ

'मैल' हा शब्द मराठींत इतका रुळला आहे कीं, तो परका आहे याची आठवणही सहसा कोणास होत नाहीं. १९५६ च्या कायद्यानें आमच्या देशांत दशमान मापें आलीं आणि कालांतरानें रस्त्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर आले. तथापि एखाद्या मोठ्या घटनेस आम्ही अजूनही 'मैलाचा दगड'च म्हणतों. इंग्रजींतही हा शब्द आंकड्यापलीकडे गेला आहे. तेथें नेम फार हुकला तर तो मैलानें हुकतो, आणि एक मनुष्य दुसऱ्याहून फार सरस असला तर तो कित्येक मैलांनीं सरस असतो. मात्र ज्या पिढ्यांनीं शाळेंत '५,२८० फुटांचा एक मैल' असें घोकलें, त्यांस हा आडनिडा आंकडा आला कोठून हें क्वचितच कोणीं सांगितलें असेल.

मूळ माप आडनिडें नव्हतें. लॅटिनमध्यें 'मिल्ले' म्हणजे हजार, आणि रोमन मैल म्हणजे हजार पावलें. हें पाऊल दुहेरी असे. एकच पाय पुन्हा भूमीस टेकेपर्यंतचें अंतर पांच रोमन फूट धरीत. म्हणजे मैल ५,००० रोमन फुटांचा, आजच्या हिशेबानें सुमारें १,४८० मीटरांचा झाला. चालणाऱ्या सैन्याचें हें माप होतें, व सैन्याच्या रस्त्यांवरच त्याचे दगड उभे राहिले.

इंग्लंडांतील शेतकऱ्याचें माप निराळें होतें. 'फर्लांग' या शब्दाचा मूळ अर्थ नांगराच्या एका तासाची लांबी. ही लांबी चाळीस काठ्यांची, आणि काठी साडेसोळा फुटांची. म्हणून फर्लांग ६६० फुटांचा. चाळीस काठ्या लांब व चार काठ्या रुंद अशी पट्टी म्हणजे एकर. खंड, वांटणी, खरेदीखत, सर्व कांहीं या काठीवर तोललेलें होतें.

मैलाचे आठ फर्लांग धरावयाचे, तर मैल ५,००० फुटांचा ठेवून फर्लांग ६२५ फुटांवर आणावा लागला असता, अथवा फर्लांग राखून मैल वाढवावा लागला असता. १५९३ सालीं, एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत, याचा निकाल लागला. आणि तोही मापांच्या कायद्यांत नव्हे. लंडनच्या वेशींपासून तीन मैलांच्या आंत नवीं घरें बांधूं नयेत असा तो कायदा होता, आणि मैल म्हणजे किती हें सांगणें त्यांत ओघानें आलें. आठ फर्लांग, फर्लांगाच्या चाळीस काठ्या, काठीचे साडेसोळा फूट. मैल ५,२८० फुटांचा झाला. फर्लांग जागचा हलला नाहीं.

याचें कारण उघड आहे. मैल २८० फुटांनीं लांबला म्हणून वाटसरूचें कांहीं बुडत नाहीं. फर्लांग ३५ फुटांनीं आंखडला असता तर प्रत्येक बांधावर तंटा उभा राहिला असता. आयर्लंडांत हेंच उलट दिशेनें दिसतें. तेथील काठी एकवीस फुटांची, म्हणून तेथील मैल ६,७२० फुटांचा. जशी जमिनीची काठी, तसा मैल!

ही काठी महाराष्ट्रांतही येऊन पोंचली आहे. आमचा गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. तेहतीस फूट म्हणजे इंग्रज शेतकऱ्याच्या बरोबर दोन काठ्या. सातबाऱ्यावर आज हेक्टर व आर लिहितात, पण भावाभावांची वांटणी होते ती गुंठ्यांतच.

प्रवासाचें माप बदलतां येतें, कारण प्रवास संपतो. जमीन मात्र मुलाबाळांच्या नांवें राहावयाची असते. म्हणूनच रस्त्यावरून गेलेला मैल आम्हीं अलंकार म्हणून ठेवला, आणि गुंठ्यासाठीं अजून कोर्टाची पायरी चढतों.