डॉक्टरांना फोन लावताना

माझ्या आईचा पहिला मुलगा १९५८ साली वारला. माझा जन्म त्यानंतरचा. तो अकरा महिन्यांचा होता. बारसं थाटात झालं होतं, नाव ठेवलेलं होतं, पण पुढे घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. नुसतं ‘पहिला’ म्हणायचे. चिकोडी तालुक्यातलं आमचं गाव, दिवस उन्हाळ्याचे. दोन दिवस जुलाब होत राहिले. गल्लीतल्या बायका आणि घरातली थोरली माणसं, सगळ्यांचं एकच म्हणणं, “पाणी पाजलं की आणि वाढतंय, पाणी तोडा.” आईनं पाणी तोडलं. तिसऱ्या दिवशी आण्णांनी बैलगाडी जुंपली आणि दोघं निपाणीच्या वाटेला लागली. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली.

त्या काळात मुलांचा डॉक्टर वेगळा असतो हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. म्हातारा असो, बाळंतीण असो की तान्हं बाळ, डॉक्टर एकच. देशात सुरुवात झाली नव्हती असं मात्र नाही. मुंबईत खास मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ साली निघालं. कलकत्त्यात डॉ. के. सी. चौधुरी यांनी १९३३ साली बालरोगांना वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. बालरोगतज्ज्ञांची आजची अखिल भारतीय संघटना १९६३ सालची, आणि त्याच साली आमच्या बेळगावात केएलई संस्थेचं मेडिकल कॉलेज उभं राहिलं. ही सालं मी एका ओळीत मांडते, तेव्हा आईचं १९५८ त्यांच्या मधोमध येऊन बसतं.

मुलांच्या दवाखान्याची आणि टेलिफोनची गाठ मात्र फार जुनी आहे. ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटी हकिकत छापून आली. एका आईनं मध्यरात्री डॉक्टरांना टेलिफोन केला. बाळ खोकत होतं, आणि हा क्रूप म्हणजे घसा आवळणारा खोकला असावा अशी तिला धास्ती. डॉक्टर म्हणाले, बाळाला टेलिफोनजवळ धरा. त्यांनी खोकला ऐकला, क्रूप नाही असं सांगितलं, आणि सगळे झोपी गेले. आपल्याकडे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथली पहिली एक्सचेंज १८८२ साली सुरू झाली, म्हणजे ही हकिकत त्याहूनही आधीची.

आमच्या गावात मात्र मी शाळेत असेपर्यंत फोन एकच होता, तंबाखूच्या वखारीत. त्यावर भाव विचारायचे आणि माणूस गेल्याची बातमी द्यायची. लेकराला ताप आला म्हणून फोन करायचा, हे कुणाला सुचायचंही नाही. आणि सुचलं असतं तरी बाईमाणसानं वखारीत जायचं कसं?

माझं लग्न होऊन मी बेळगावला आले. थोरली मुलगी झाली तेव्हा शहापुरात एक मुलांचे डॉक्टर बसत. बाहेर लाकडी बाकं, भिंतीवर लसींचा तक्ता, आणि नंबर लिहून घेणारा कंपाउंडर. तो फोन उचलून म्हणायचा, “आक्का, डॉक्टर राउंडला गेल्यात, तासाभरानं करा की.” मला आधी भीती वाटायची. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना त्रास द्यायचा का? हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात येतो आणि हात रिसीव्हरपाशी थांबतो.

१९८९ च्या मे महिन्यात मी मुलीला घेऊन माहेरी गेले. ती दहा महिन्यांची होती. दुसऱ्याच रात्री जुलाब सुरू झाले. सकाळी आईचा चेहरा पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. ती काही बोलत नव्हती, फक्त पदराशी चाळा करत होती. मी तशीच वखारीत गेले आणि बेळगावला ट्रंक कॉल नोंदवला. साध्या कॉलला किती वेळ लागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून दुप्पट दराचा अर्जंट घेतला. आठपट दराचा लायटनिंग कॉलही असायचा, पण तेवढे पैसे जवळ नव्हते. आई माझ्या मागोमाग आली आणि दारात उभी राहिली.

तासाभरानं कॉल लागला. डॉक्टरांनी आधी मला बोलू दिलं, मग एकेक विचारत गेले. लघवी शेवटची कधी झाली? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? टाळू खोल गेलीय का? पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसते का? जुलाबात रक्त आहे का? मध-बिध चाटवलं नाही ना? मी आईला विचारलं. ती म्हणाली, “आमच्यात मध कुठला?” आमच्या घरात मध व्रतानं वर्ज्य. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टरही सांगतात, कारण वेगळं.

मग ते म्हणाले, “एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या. सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्या-चमच्यानं पाजत राहा. अंगावरचं दूध तोडू नका. मूल झोपाळू झालं, पाणी पिईना झालं किंवा लघवी थांबली, तर मला फोन करत बसू नका, सरळ निघून या.”

रिसीव्हर ठेवून मी आईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “पाणीच द्यायचं?” मी हो म्हटलं. ती बराच वेळ वखारीच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

सूर्यास्तानंतर आई स्वतः पाण्याचा थेंब घेत नसे. त्या रात्री मात्र ती पहाटेपर्यंत वाटी-चमचा घेऊन नातीला पाणी पाजत राहिली. मला तिनं वाटीला हात लावू दिला नाही.

पुढे मी या पाण्याचा इतिहास वाचला. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या रोग्यांना तोंडावाटे मीठ-साखरेचं पाणी देऊन आलेला अनुभव १९५३ साली छापला. कुठे, तर त्याच ‘लॅन्सेट’मध्ये. म्हणजे ‘पहिला’ जाण्याच्या पाच वर्षं आधी. पण तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले. बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पिंपं भरभरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. हे महालनबीस मुळात मुलांचे डॉक्टर. ज्ञान होतं, ते आमच्या गल्लीपर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच. पोचायला तीस वर्षं आणि एक ट्रंक कॉल लागला.

गावोगावी फोन नेण्याचं काम आमच्याच जिल्ह्यातून सुरू झालं, हेही इथे सांगायला हवं. उन्हाळा-धुरळ्यात, वातानुकूलनाशिवाय चालणारं सी-डॉटचं पहिलं ग्रामीण एक्सचेंज १९८६ साली कित्तूरला बसलं. राणी चन्नम्माचं कित्तूर म्हणून आपण ते शाळेत शिकतो, हे दुसरं कित्तूर कुणी शिकवत नाही. देशात १९५१ च्या सुमारास जन्मलेल्या हजार मुलांपैकी १४६ वर्षाच्या आत जात. २०२० साली तो आकडा २८ वर आला होता. लसी, स्वच्छ पाणी, रस्ते, आयांचं शिक्षण, सगळ्यांचा त्यात वाटा. वेळेवर विचारता येणं, हाही एक.

आता माझी मुलगी पुण्यात स्वतः आई आहे. मार्च २०२० मध्ये सरकारनं दूरवैद्यकाचे नियम काढले, तेव्हापासून ती डॉक्टरांशी व्हिडिओवरही बोलते. मी तिला एवढंच सांगते, फोन लावायच्या आधी ताप किती, लघवी कधी झाली, मुलाचं वजन किती, हे कागदावर लिहून ठेव. आणि मूल मलूल दिसलं तर फोनवर विसंबू नकोस, ऊठ आणि जा.

१९९६ साली गावच्या घरी फोन आला. आईनं माझ्याकडून पहिला नंबर लिहून घेतला तो शहापूरच्या डॉक्टरांचा. मोठ्या आकड्यांत, फोनच्या वरच्या भिंतीवर. घरात तेव्हा लहान मूल एकही नव्हतं. पण गल्लीत कुणाचं लेकरू आजारी पडलं की ती दारातून हाक मारायची, “ये की गं, फोन लाव. लाजायचं काय त्यात?”