महासाथ आणि गावाचे मन (उंब्रज परिसर)

महासाथीत ग्रामीण समाजावर येणारा मानसिक-सामाजिक ताण आणि त्यातून सावरण्याची त्याची ताकद. ही नोंद कोविड-19च्या काळातील सातारा-सांगली भागापुरती आहे.

उंब्रज (ता. कराड) हे कृष्णा-तारळी संगमावरचे, पुणे-बंगळुरू महामार्गालगतचे बाजाराचे गाव. जवळच्या चाफळ-तारळे खोऱ्यांतील अनेक घरे मुंबईच्या पैशावर चालतात. कर्ता माणूस बहुधा तेथे माथाडी कामगार असतो. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई (सोने-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक तर देशभर पसरलेले. 25 मार्च 2020च्या टाळेबंदीने ही मिळकत थांबली आणि माणसे गावी परतू लागली. इस्लामपुरात सौदी अरेबियातून आलेल्या एका कुटुंबामुळे धास्ती आधीच पसरली होती. एरवी यात्रेला ज्याची वाट पाहायची तो ‘मुंबईकर’ संशयित ठरला. वेशी बंद झाल्या, परतलेल्यांचा मुक्काम शाळेत किंवा रानातल्या शेडमध्ये पडला. 1896नंतरच्या प्लेगातही गावे ओस टाकून लोक शेतात झोपड्या घालून राहत. पण तेव्हा सारे गाव एकत्र बाहेर पडे. 2020मध्ये एकेका घराला बाजूला व्हावे लागले.

सर्वांत खोल जखम शोकाची होती. खेड्यात दुःख माणसांच्या येण्याजाण्याने हलके होते: खांदा देणे, सावडणे, भावकीने आणलेली कडू भाकरी, दहाव्याला जमलेले पाहुणे. 2021च्या दुसऱ्या लाटेत कित्येकांना मृताचे तोंडही पाहता आले नाही. मन सावरण्याची गावाची हीच रीत संसर्गाच्या भीतीने अडली. तरुण विधवांवर तर कर्ज, पोरांची शिक्षणे आणि रूढी हे सगळे एकदम कोसळले. या रूढी, म्हणजेच विधवा प्रथा, बंद करण्याचा ठराव शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी केला. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले.

सावरण्याचे श्रेय प्रथम आशा व अंगणवाडी सेविकांना द्यावे लागते. तुटपुंज्या मानधनावर त्या दारोदार गेल्या. सप्टेंबर 2020मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतही घरोघरची तपासणी त्यांच्याच पायांवर चालली. शेजाऱ्यांनी बाधितांच्या उंबऱ्यावर डबे ठेवले, गोठ्यातली जनावरे सांभाळली. मनाच्या उपचाराची सोय मात्र गावपातळीवर नव्हतीच, आणि ही उणीव गंभीर होती. ऑक्टोबर 2022पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.