डोलत्या घरातील मेज

दिवाळीच्या फराळातील कोणता पदार्थ समुद्रप्रवासाला सर्वांत नालायक, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर एकच : लाडू. चकली जागची हलत नाही, करंजी आपल्या पोटावर स्वस्थ पडून राहते, चिवड्याला वाटी असते. लाडवाला मात्र उतार दिसला की धीर निघत नाही. बुलढाणा जिल्ह्यात चिखली-खामगाव रस्त्यावर वसलेल्या अमडापुराला ही अडचण कधी जाणवली नसेल. तेथून समुद्र शेकडो मैल दूर. बल्लाळदेवीच्या टेकडीवरून नजर टाकली तर दिसते ती काळ्या मातीची शिवारे. ही जमीन हलत नाही, म्हणून तिच्यावरचा पाट हलत नाही, चौरंग हलत नाही आणि लाडूही ताटात बसून राहतो.

पण समजा, अमडापूरच्या एखाद्या जाणत्या सुतारापाशी कोणी आले आणि म्हणाले, “आम्ही दोघे नवरा-बायको शिडाच्या नौकेतच कायमचे राहणार आहोत. तिच्या बैठकीच्या खोलीसाठी एक मेज करून द्या.” तर त्या सुताराने काय करावे? प्रश्न वाटतो तितका विक्षिप्त नाही. जगात आज अशी कितीतरी कुटुंबे नौकेत संसार करून राहतात, आणि त्यांच्या घरात सर्वांत अवघड वस्तू कोणती म्हणाल तर हे मेजच. त्याला एक लांबलचक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे. फक्त तो मेजाच्या कोणत्या बाजूला होता, एवढाच काय तो प्रश्न.

आधी अडचण समजून घेऊ. शिडाची नौका वाऱ्याच्या जोराने एका अंगाला कलते, आणि एकदा कलली की तासन् तास, कधी दिवसेंदिवस तशीच कललेली चालते. पंधरा-वीस अंशांचा कल ही तिची रोजची चाल. त्यावर लाटांचे हेलकावे निराळे. अशा घरात मेजाचे पहिले काम जेवण धरून ठेवण्याचे नसून माणूस धरून ठेवण्याचे असते. लाटेचा फटका बसला की खोलीतून चालणारा माणूस तोल जाऊन हाताला येईल त्याला मिठी मारतो, आणि खोलीच्या मध्यभागी हाताला येते ते मेज. म्हणून त्याचे पाय नुसते जमिनीवर टेकवून भागत नाही. ते खालच्या आडव्या तुळयांना बोल्टांनी जखडावे लागतात. आपल्या घरातले मेज चार ताटांचे वजन पेलते; नौकेतल्या मेजाने अंगावर येऊन आदळणारा धट्टाकट्टा माणूस पेलला पाहिजे. त्याचे कोपरे गोल हवेत, ते का हे बरगड्यांना विचारावे.

दुसरी गोष्ट कडेची. मेजाच्या चारी बाजूंना इंच-दीड इंच उंचीची पट्टी उभी करतात, म्हणजे ताटवाट्या घसरून खाली जात नाहीत. नवशिका सुतार ही पट्टी अखंड करतो. अनुभवी सुतार कोपऱ्यांशी ती तुटक ठेवतो, कारण सांडलेले खरकटे पुसून बाहेर काढायला वाट लागते. एवढ्या एका फटीवरून कारागिराने कधी घर सारवले-पुसले आहे की नाही, हे ओळखता येते.

तिसरी गोष्ट जागेची. नौकेतली खोली म्हणजे आगगाडीचा डबा. जेवताना प्रत्येक माणसाला दोन फूट रुंदी लागते. पण जेवण झाले की तीच जागा येण्याजाण्याला हवी. त्यावर तोड म्हणजे बिजागरीच्या फळ्या : जेवताना वर उचलायच्या, एरवी दोहों अंगांना सोडून द्यायच्या. काही मेजे खाली उतरतात, त्यांवर गादी पडते आणि रात्री त्यांचा पलंग होतो. याच मेजावर नकाशा पसरतात, फाटके शीड शिवतात, मुलांची पाटी-पुस्तके मांडतात, आणि प्रसंग पडला तर जखमी माणसाला निजवतात. सबब शहाणा सुतार आधी लाकडाला हात लावीत नाही. पुठ्ठ्याचे मेज कापून ते खोलीत मांडतो, घरच्या माणसांना भोवती बसवतो, उठवतो, चालवतो. कोणाचा गुडघा कुठे अडतो ते पाहतो आणि मगच रंधा हाती घेतो.

यावर बुद्धिमान लोकांनी एक सुरेख युक्ती काढली होती. मेज नौकेच्या लांबीच्या दिशेने एका आसावर टांगायचे आणि खाली शिशाचे जड वजन लावायचे. नौका कितीही कलली तरी वजन खाली ओढते आणि फळी सपाट राहते. एकोणिसाव्या शतकातील विलायती हौशी नौकांत अशी झुलती मेजे असत. त्यांवरचा चहा सांडत नसे, ही गोष्ट खरी. पण मेज सपाट राहिले तरी बसणारे तिरपेच राहत! कलत्या बाजूच्या माणसाच्या ते हनुवटीशी येई, तर समोरच्याच्या मांडीवर टेके. शिवाय तोल गेलेल्याने आधारासाठी त्याला धरले की तेच उलटे फिरून सगळे जेवण त्याच्या पदरात टाकी. म्हणून आजही बहुतेक नाविक जखडलेले मेज आणि उभी पट्टी यांवरच विश्वास ठेवतात.

आता आपल्या वाट्याकडे वळू. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. लाकूड मलबारचे सागवान. त्याचा गुण असा की त्यातल्या तेलामुळे ते कुजत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा खात नाही. विलायती ओक लाकडातले आम्ल मात्र लोखंड पोखरते. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली, आणि दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही ती इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे.

तिच्याआधी चार वर्षे, १८१३ साली, त्यांनीच ७४ तोफांची ‘कॉर्नवॉलिस’ बांधली होती. अशा जहाजाच्या मागच्या अंगाला कप्तानाची ऐसपैस खोली असे आणि तिच्यात मोठे मेज. साध्या गोऱ्या खलाशांची मेजे तोफांच्या मधल्या जागेत, वरच्या तुळयांना दोरांनी टांगलेली असत. लढाईची हाक आली की मेजे, खुर्च्या, कप्तानाच्या खोलीच्या आडभिंतीसुद्धा काढून तोफांना जागा मोकळी करीत. २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनमधील नानकिंग शहराजवळ याच ‘कॉर्नवॉलिस’वर चीनच्या बादशहाचे वकील आणि इंग्रज एकत्र बसले आणि तहावर सह्या झाल्या. हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडली, २ कोटी १० लाख डॉलरांचा भुर्दंड बसला. त्या प्रसंगाच्या चित्रात मेजाभोवती दाटीवाटीने उभे-बसलेले अंमलदार दिसतात. ज्या भिंतींच्या आत ते मेज मांडले होते त्या मुंबईत, आपल्या माणसांच्या हातांनी उभ्या राहिल्या होत्या. पण त्या मेजापाशी हिंदी माणसाला खुर्ची नव्हती. ते जहाज मात्र १९५७ सालापर्यंत टिकून राहिले. सागवानाला राजकारण कळत नाही!

मग हिंदी माणूस जहाजावर जेवत होता कुठे? जमिनीवर. कंपनीच्या जहाजांवर हिंदी खलाशी असत. त्यांच्यावर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, आणि स्वयंपाकाला भंडारी. भात-कालवणाचे मोठे भांडे मध्ये ठेवून सगळे भोवती मांडी घालून बसत. गोऱ्या साहेबाला ते गावंढळ वाटले असेल. पण नीट विचार केला तर तोल सांभाळण्याचा याहून सोपा उपाय नाही. जो आधीच जमिनीवर बसला आहे, तो पडणार कुठे? आपल्या गलबतांवरही हीच रीत होती : मातीने लिंपलेल्या पेटीत चूल, आणि फळ्यांवर पंगत. मेजाची गरज आपल्याला भासली नाही, म्हणून त्याची घडण आपल्या हातून झाली ती दुसऱ्यांसाठी.

हा पालट व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. गोव्यात मांडवीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. तेथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फूट लांबीची शिडाची नौका बांधली गेली आणि २००९ साली नौदलात आली. आराखडा डच, हात गोव्याचे, आणि नाव मांडवीचेच दुसरे नाव : ‘म्हादई’. त्याच वर्षी १९ ऑगस्टला दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून ही प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा केली. मग त्याच कारखान्यात तिची बहीण ‘तारिणी’ तयार झाली, आणि १० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा अधिकारी स्त्रिया तिच्यातून गोव्याहून निघाल्या. २१ मे २०१८ रोजी त्या परतल्या. म्हणजे आठ महिन्यांहून अधिक काळ त्यांचे घर, स्वयंपाकघर आणि कचेरी एकाच ५६ फुटांत होती. बांधणारे हात आणि आत बसणारी माणसे या वेळी एकाच देशाची होती.

म्हणून अमडापूरच्या आपल्या त्या सुताराने गिऱ्हाईक परत पाठवू नये. त्याच्या वाडवडिलांनी बैलगाड्या केल्या आहेत, आणि बैलगाडी म्हणजे खाचखळग्यांतून हेलकावे खात जाणारी नौकाच. कोणता सांधा सैल पडला की सगळी गाडी कुरकुरते, हे त्याला कोणी शिकवायला नको. सागवान त्याच्या ओळखीचे आहे. त्याने फक्त एवढे करावे : पुठ्ठ्याचे मेज आधी मांडावे, पाय तुळयांना जखडावेत, कोपरे गोल करावेत, आणि कडेच्या पट्टीला पुसण्यापुरती फट ठेवावी. पट्टीची उंची ठरवताना मात्र घरच्या बाईला विचारावे, कारण लाडू केवढा वळायचा हे तीच ठरवते. २०१७ साली लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होते, आणि त्या दिवशी ‘तारिणी’ ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर, हिंदी महासागरात होती.