दरी पाहायला जाण्याआधी

भूगोलाच्या तासाला ‘नदीचे कार्य’ हा धडा आला की अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनचा उल्लेख बहुधा येतोच. चित्र पाहून मुले विचारतात, “सर, असे आपल्याकडे कुठे पाहायला मिळेल?” अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात वर्ग नेणे शक्य नाही. पण पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर उभे राहिले की खोल दऱ्या पायाशी येतात. वरून अधिकचिन्हासारख्या दिसणाऱ्या अशाच एका दरीला गिर्यारोहक ‘प्लस व्हॅली’ म्हणतात. एका दिवसाच्या सहलीत हे सारे पाहून होते. मात्र अशी सहल आखताना बस, डबे आणि पालकांची संमतिपत्रे यांच्या बरोबरीने त्या जागेचा इतिहासही आधी तयार ठेवावा, असे आम्हाला वाटते. तो नसेल तर दरी म्हणजे फक्त एक देखावा उरतो.

एका शिक्षकाचा प्रवास

ग्रँड कॅन्यनची शास्त्रीय ओळख जगाला करून देणारा जॉन वेस्ली पॉवेल हा पेशाने शिक्षकच होता. १८६२ साली यादवी युद्धात त्याने उजवा हात गमावला. पुढे इलिनॉय राज्यात भूगर्भशास्त्र शिकवत असताना, १८६७ साली तो विद्यार्थ्यांना घेऊन रॉकी पर्वतात गेला. पुस्तकातला खडक डोंगरावर दाखवावा, हा त्यामागचा हेतू. त्यातूनच पुढची मोहीम सुचली. २४ मे १८६९ रोजी चार होड्या आणि नऊ सोबती घेऊन तो निघाला. एक होडी सामानासकट फुटली आणि पुढे अन्न संपत आले. २८ ऑगस्टला तिघे जण कंटाळून कडा चढून निघून गेले आणि वाटेत मारले गेले. उरलेले सहा जण दुसऱ्याच दिवशी दरीतून सुखरूप बाहेर पडले.

एवढी खोल दरी झाली कशी, याचे पॉवेलने दिलेले उत्तर वर्गात सहज सांगता येते. करवत एका जागी धरावी आणि ओंडका खालून वर सरकवत न्यावा, तसे काहीसे तिथे झाले. जमीन हळूहळू वर उचलली गेली आणि नदी आपल्या जागी राहून तिला कापत गेली. आज ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. तळाचा खडक सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचा, तर काठावरचा सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा. दरी मात्र त्या मानाने तरुण आहे. ती बरीचशी गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कोरली गेली, असे मानले जाते.

कोरडी दरी, ओली दरी

वाळवंटातल्या दरीचा एक मोठा फायदा असतो. तिच्या तळाशी वर्षाला जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे झाडी विरळ आणि थर उघडे. समुद्राच्या तळाचा चुनखडक, वाळूच्या टेकड्यांपासून झालेला वालुकाश्म, असे निरनिराळ्या रंगांचे थर दुरूनही ओळखता येतात. ताम्हिणीत सारे उलट आहे. इथे पावसाळ्यात एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडल्याची नोंद आहे. कातळावर माती, मातीवर जंगल. शिवाय वरपासून खालपर्यंत खडक एकाच जातीचा, काळा बेसाल्ट. तेव्हा इथले थर शोधावे लागतात.

ते आहेत मात्र नक्की. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. कर्नल विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२४ पासून काही वर्षे दख्खनची पाहणी केली, तेव्हा हे आडवे थर आणि डोंगरांच्या पायऱ्या त्याच्या नजरेत भरल्या. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

इथली दरी कोरण्याची रीतही वेगळी. पश्चिमेचा उतार उभा आणि समुद्र जवळ. म्हणून कोकणात उतरणारे ओढे आखूड पण जोरदार असतात. ते धबधब्याच्या माथ्याचा कातळ झिजवत मागे मागे, म्हणजे पूर्वेकडे सरकतात. त्याच माथ्यावरून पूर्वेला निघालेली मुळा मात्र निवांत उताराने पुण्याला येते आणि मुठा, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला मिळते.

त्याच उताराचा दुसरा इतिहास

घाटमाथ्यावर भरपूर पाणी आणि लगेच खाली सुमारे पाचशे मीटरांची उडी. निसर्गाने ज्या बळावर दऱ्या कोरल्या, त्याच बळावर विसाव्या शतकाच्या आरंभी उद्योगपतींची नजर गेली. मुंबईला वीज हवी होती. टाटा पॉवर कंपनीने नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून पूर्वेला जाणारे पाणी डोंगरातून पश्चिमेला, कोकणातल्या भिरा येथे सोडायचे ठरवले. तिथले वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले.

पण तळ्याच्या जागी रिकामे रान नव्हते. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे होती, सुमारे पन्नास गावे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. काम काही महिने थांबले आणि पुन्हा सुरू झाले. सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरला. बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण वा त्यांच्याच मालकीच्या होत्या. मोबदल्याच्या बोलीवर सावकार राजी झाले आणि कसणाऱ्या कुळाचा आधार गेला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ‘सेनापती’ ही पदवी कायमची मिळाली. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच या लढ्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे.

ग्रँड कॅन्यनचा इतिहासही याहून फार निराळा नाही. तिथे हवासुपाई हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८८२ साली त्यांना ५१८ एकरांत कोंडले गेले. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झाले, पर्यटक वाढले, आणि दरीत बागा पिकवणाऱ्या कुटुंबांना तिथून हलवले गेले. १९७५ साली कायद्याने त्यांना सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली. २०२२ साली त्या जुन्या बागांच्या जागेला ‘हवासुपाई गार्डन्स’ असे नाव देण्यात आले. मुळशीची गावे पाण्याखालीच राहिली. अनेक कुटुंबे तळ्याच्या वरच्या उतारावर वस्ती करून राहिली.

सहलीचा आराखडा

ताम्हिणी परिसर २०१३ पासून अभयारण्य आहे. तेव्हा वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. पावसाळ्यात मुलांना नेऊच नये. पाण्याचा लोंढा अचानक येतो, माणसे वाहून गेल्याच्या घटना घडल्या आहेत आणि प्रशासन मनाई आदेशही काढते. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. गवत वाळलेले असते आणि कातळ दिसतो. दरीत उतरू नये. वर्गाला लागते ते सारे काठावरून दिसते.

पहिला थांबा मुळशीचे तळे. तिथे पाण्याखालच्या गावांची गोष्ट सांगावी. दुसरा, घाटरस्त्यासाठी खोदलेल्या कडा. तिथे लाव्हाचे थर, वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली भोके आणि दोन थरांमधली लाल माती शोधायला लावावी. तिसरा थांबा दरीचा काठ.

परतल्यावर एक गणित घालावे. एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली पडले तर किती ऊर्जा मिळेल? १००० × ९.८ × ५०० म्हणजे ४९ लाख ज्यूल, साधारण १.३६ युनिट. गळती वजा केली की एका युनिटाहून थोडी अधिक वीज हाती येते. हे उत्तर वहीत लिहून झाल्यावर मुलांना पुढचा प्रश्न विचारावा: ही वीज कोणाला मिळाली, आणि तिच्यासाठी जमीन कोणी दिली? पहिला प्रश्न विज्ञानाच्या तासाचा आणि दुसरा इतिहासाच्या, असे वेळापत्रक सांगते. मुळशीच्या काठावर उभे राहिल्यावर हे दोन तास वेगळे करता येत नाहीत.