९ ऑगस्ट १९४३ : फ्रान्झ येगरश्टेटर यांना देहदंड

ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड गावचे शेतकरी आणि तिथल्या चर्चची व्यवस्था पाहणारे फ्रान्झ येगरश्टेटर यांचा १९४३ मध्ये आजच्या दिवशी ब्रांडेनबुर्ग येथे शिरच्छेद झाला. हिटलरच्या सैन्यात लढायला त्यांनी नकार दिला होता. अनेकांना तो हेकेखोरपणा वाटला. घटनाक्रम मात्र वेगळे सांगतो. १९३८ च्या सार्वमतात ऑस्ट्रियाच्या जर्मनीतील विलीनीकरणाविरुद्ध मत देणारे गावात ते एकटेच. पुढे सैनिकी प्रशिक्षण घेतले, धर्मग्रंथ वाचले, धर्मगुरूंचा सल्ला घेतला आणि मगच अन्याय्य युद्धात शस्त्र धरणे पाप आहे, या निष्कर्षाला ते आले. जखमींची शुश्रूषा करायला ते तयार होते. हट्टी माणूस इतकी बारीक रेषा आखत बसत नाही.

घरी पत्नी फ्रान्झिस्का आणि लहान मुली असताना असा निर्णय घ्यावा का, हा आक्षेप खरोखर जड आहे. लिंझच्या बिशपांनीही त्यांना कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली. परंतु मुलांसाठी अन्यायात सामील होण्याची मुभा एका बापाला दिली, तर ती प्रत्येक बापाला मिळते. आणि त्याच्या गोळीने मरणाऱ्यालाही मुले असतात. एका नकाराने युद्ध थांबले नाही, हे खरे. पण ख्रिस्ती माणसाला देवापुढे जाब द्यायचा असतो तो स्वतःच्या कृत्याचा. फ्रान्झिस्कांनी पतीची साथ सोडली नाही आणि युद्धानंतर गावाचा रोषही सोसला. बर्लिनच्या न्यायालयाने १९९७ मध्ये फ्रान्झ यांची शिक्षा रद्द केली. २००७ मध्ये लिंझमध्येच चर्चने त्यांना ‘धन्य’ घोषित केले, तेव्हा फ्रान्झिस्का हयात होत्या.